घड्याळवाल्याचा ऑर्गन

जॅझमधला ऑर्गन म्हणजे जवळजवळ नेहमीच हॅमंड, आणि हॅमंड हे घड्याळे बनवणाऱ्या एका माणसाचे काम. लॉरेन्स हॅमंड (1895–1973) हा अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याचा इंजिनीअर. वाद्य वाजवणे त्याला येत नव्हते. विजेच्या पुरवठ्यातल्या कंपनांशी गती बांधून फिरणारी सिंक्रोनस मोटर त्याने घड्याळात बसवली आणि त्या घड्याळांची कंपनी काढली. मंदीत घड्याळे खपेनाशी झाली, तेव्हा पत्ते आपोआप पिसून वाटणारे ब्रिजचे टेबलही त्याने विकून पाहिले. शेवटी त्याच मोटरवर त्याने ऑर्गन उभा केला. 1934 मध्ये पेटंट मिळाले, 1935 मध्ये 'मॉडेल ए' बाजारात आले. पहिल्या गिऱ्हाइकांत जॉर्ज गर्श्विनचे नाव सापडते.

मराठी रसिकाला ऑर्गन म्हटले की संगीत नाटकाच्या साथीचा, पायाने भाता हलवून वाजवायचा ऑर्गन आठवतो. तो वाऱ्यावर आणि रीडवर बोलतो. हॅमंडच्या पोटात वारा नाही. तिथे मोटरने फिरणाऱ्या 91 दातेरी चकत्या आहेत. प्रत्येक चकतीजवळ तार गुंडाळलेले एक लोहचुंबक असते. चकतीचा उंचवटा त्याच्यासमोरून गेला की तारेत विजेची एक लाट उठते. सेकंदाला 440 उंचवटे गेले की 440 कंपनांचा स्वर तयार होतो. वाद्य सुरू असेतोवर सगळ्या चकत्या फिरतच असतात. पट्टी दाबण्याने स्वर निर्माण होत नाही, आधीच चालू असलेल्या स्वराला फक्त वाट मिळते. या वाद्याचे गुण आणि खोड्या, दोन्ही इथूनच निघतात.

एकेका चकतीचा स्वर अगदी कोरा, बासरीच्या फुंकरीहूनही सपाट असतो. त्याला रंग द्यायचे काम ड्रॉबार नावाच्या नऊ दांड्या करतात. प्रत्येक दांडी शून्यापासून आठपर्यंत ओढता येते आणि मूळ स्वरात एकेक वरचा किंवा खालचा स्वर मिसळते. सरगमच्या भाषेत सांगायचे तर या नवांपैकी पाच दांड्या वेगवेगळ्या सप्तकांतल्या षड्जाच्या, तीन पंचमाच्या आणि एक गंधाराची आहे. तानपुरा जमून आला की जो गंधार न छेडता आपोआप ऐकू येतो, त्याच्याच घराण्यातला हा गंधार. फरक एवढाच की हॅमंडने त्यासाठी वेगळी चकती न करता पियानोच्या सुरावटीतला, किंचित चढा गंधार उसना घेतला. कानाला ही तडजोड खटकत नाही. दांड्यांच्या अशा मांडण्या आकड्यांत लिहितात आणि वादकांमध्ये त्या तोंडपाठ असतात. 888000000 म्हटले की खर्ज षड्ज, पंचम आणि मूळ षड्ज पूर्ण बाहेर, बाकी सगळे बंद. जॅझ ऑर्गनचे निम्मे जग या एका आकड्यात मावते.

स्वर मोटरला बांधलेला असल्याने तो विजेच्या पुरवठ्यालाही बांधलेला आहे. अमेरिकेत वीज सेकंदाला 60 कंपनांची, भारतात आणि युरोपात 50 कंपनांची. अमेरिकेसाठी केलेला हॅमंड इथल्या विजेवर 50 च्या हिशेबाने फिरला, तर षड्जाची पट्टी दाबल्यावर खालच्या सप्तकातला धैवत ऐकू येईल, आणि गणिताने पाहिले तर तो अगदी शुद्ध धैवत असेल. कंपनीने 50 कंपनांच्या देशांसाठी वेगळी यंत्रे बनवली. उलट बाजूने पाहिले तर हा मोठा फायदाच होता: जोवर वीजकेंद्र आपल्या गतीने चालते, तोवर हे वाद्य बेसूर होत नाही. सर्दी-गरमीने रुसणाऱ्या नळ्यांच्या ऑर्गनपुढे ही बढाई रास्त होती.

हॅमंडचे लक्ष त्या नळ्यांच्या ऑर्गनवरच होते. चर्चना आणि सभागृहांना तसाच आवाज थोड्या किमतीत आणि थोड्या जागेत द्यायचा, हा त्याचा बेत. जाहिरातींत तसे दावे केल्यावर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने आक्षेप घेतला. 1937 मध्ये शिकागो विद्यापीठाच्या चॅपलमध्ये खऱ्या ऑर्गनशेजारी हॅमंड वाजवून, कोणता कोणता ते जाणकारांना ओळखायला लावले, आणि त्यांची फसगत वारंवार झाली. तरीही काही दावे कंपनीला मागे घ्यावेच लागले. जॅझच्या दृष्टीने यातले गमतीचे काही असेल तर ते हे, की हॅमंड ज्याची नक्कल करायला निघाला होता, ते त्याला नीट साधले असते तर पुढचे संगीत घडलेच नसते.

कारण जॅझवाल्यांना जे आवडले ते नकलेतले बिघाड. प्रत्येक पट्टीखाली विजेचे नऊ जोड असतात. पट्टी खाली जाताना ते एकाच क्षणी न जुळता किंचित पुढेमागे जुळतात आणि स्वराच्या सुरुवातीला बारीकसा 'टक्' उमटतो. कारखान्याच्या लेखी हा दोष होता. तो घालवायचे प्रयत्नही झाले. चर्चमधल्या संथ प्रार्थनेत तो खरोखरच त्रासाचा असेल. पण ज्या संगीताला लयीवर नेमके बोट ठेवायचे आहे त्याला स्वराच्या तोंडाशी हा खडा हवाच होता. तसेच बाजूच्या चकत्यांचे स्वर तारांतून झिरपतात आणि मुख्य स्वरामागे एक पुसटसा गलका राहतो. जुन्या यंत्रात तो अधिक असतो, आणि जुन्या यंत्रांनाच मागणी अधिक असते.

दुसरी भर बाहेरून आली आणि ती घ्यायला हॅमंड तयार नव्हता. कॅलिफोर्नियातल्या डॉन लेस्लीला मोठ्या जागेत ऐकलेला हॅमंड घरात फिका वाटला. त्याने लाकडी कपाटात वरच्या स्वरांसाठी फिरता कर्णा आणि खालच्या स्वरांसाठी फिरते पिंप बसवले. शिट्टी वाजवत स्टेशनातून निघून जाणाऱ्या गाडीचा आवाज जसा जवळ येताना चढतो आणि दूर जाताना उतरतो, तसे इथे प्रत्येक फेऱ्यात घडते. कर्ण्याला तोंडे दोन दिसतात, पण आवाज एकातूनच येतो. दुसरे तोल सांभाळायला. पुढच्या मॉडेलांत दोन गती आल्या. संथ गतीवरून जलद गतीवर जाताना हलका कर्णा चटकन वेग घेतो, जड पिंप मागून रखडत येते, आणि त्या एक-दोन सेकंदांत आवाज अंगात आल्यासारखा होतो. वादक सोलोचा कळस नेमका त्या क्षणावर आणून ठेवतात. लेस्लीने हे कपाट आधी हॅमंडलाच देऊ केले होते. हॅमंडने ते नाकारले, आणि आपल्या विक्रेत्यांनी ते विकू नये याचीही खबरदारी घेतली. लोक मात्र दोन्ही विकत घेऊन जोडत राहिले. 1980 मध्ये लेस्लीचे नाव अखेर हॅमंड कंपनीकडेच आले, तोवर हॅमंडला जाऊन सात वर्षे झाली होती.

जॅझमध्ये ऑर्गन हॅमंडच्याही आधी होता. फॅट्स वॉलरने 1926 पासून कॅम्डनच्या स्टुडिओत नळ्यांच्या ऑर्गनवर ध्वनिमुद्रणे केली, आणि हार्लेमच्या लिंकन थिएटरात त्याच्याशेजारी बसून तरुण काउंट बेसीने ऑर्गनचे धडे घेतले. पण ते एकटे प्रसंग. हॅमंडला जॅझचे वाद्य म्हणून उभे केले वाइल्ड बिल डेव्हिसने. दोन्ही हातांनी भरगच्च स्वरगुच्छ लावून तो एकटा अख्ख्या ब्रास सेक्शनसारखा गरजे. 1955 मध्ये बेसीच्या बँडने गाजवलेली 'एप्रिल इन पॅरिस'ची बांधणी त्याचीच.

त्याला ऐकून पियानो सोडणारा एक तरुण म्हणजे फिलाडेल्फियाजवळच्या नॉरिसटाउनचा जिमी स्मिथ. ऑर्गन विकत घेऊन त्याने एका गोदामात ठेवला आणि तिथे एकांतात रियाज केला. पायपट्ट्यांचा नकाशा डोळ्यांसमोर लावून पाय बसवले, असे तो सांगे. 1956 मध्ये ब्लू नोटच्या आल्फ्रेड लायनने त्याला ऐकले आणि लगेच ध्वनिमुद्रित करायला घेतले. पुढल्या काही वर्षांत त्या छोट्या कंपनीने त्याच्या इतक्या तबकड्या काढल्या की एखाद्या पुरवठा कंत्राटाचा संशय यावा. वाइल्ड बिलचा ऑर्गन बँडची जागा घेत होता. स्मिथने त्याच वाद्यातून चार्ली पार्करच्या वळणाची एकेरी, धावती सुरावट काढली, आणि बँडऐवजी तिघांचा संच पुरेसा केला.

त्या वाजवण्याची शरीररचना पाहण्यासारखी आहे. उजवा हात वरच्या ओळीवर सुरावट खेळतो. डावा हात खालच्या ओळीवर, डबल बेसने वाजवावी तशी, मात्रेला एक स्वर अशी चाल चालत राहतो. डावा पाय पायपट्टीवर त्या चालीला टेकण देतो. बहुतेकदा पूर्ण स्वर न धरता नुसता स्पर्श करतो, त्यामुळे बेसच्या तारेवर बोट पडल्याचा भास होतो. उजवा पाय आवाजाच्या पेडलवर. हॅमंडची पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज तेवढाच येतो. पियानोवादकाच्या बोटांत जो लहानमोठेपणा असतो तो इथे घोट्यात असतो. चांगला ऑर्गनवादक उजव्या पायाने श्वास घेतो, आणि वाईट वादक तो पाय विसरतो. फरक पहिल्या आठ मात्रांत कळतो.

1955 च्या सुमारास आलेल्या बी-3 आणि सी-3 या मॉडेलांत 'पर्कशन'ची सोय झाली. स्वराच्या सुरुवातीला वरच्या पंचमाचा किंवा षड्जाचा एक चटका उमटून लगेच विरतो. पण तो मिळतो फक्त आधीच्या सगळ्या पट्ट्या सोडल्या असतील तरच. स्वर एकमेकांना जोडून वाजवले तर पहिल्यालाच चटका, सुटे वाजवले तर प्रत्येकाला. स्मिथची सुरावट कधी टोचणारी, कधी ओघळणारी लागते ती या यंत्रणेच्या आडमुठेपणाचा हिशेब ठेवून. आणि पियानोला कधीच न जमणारी एक गोष्ट ऑर्गनला फुकट मिळाली आहे: स्वर मरत नाही. उजव्या हाताचा एकच स्वर कडव्यामागून कडवे धरून ठेवायचा आणि खाली डाव्या हाताने चाल चालू ठेवायची, ही स्मिथची आवडती युक्ती. तिने श्रोते खुर्चीच्या टोकाशी येतात. अतिवापराने तिचा वीटही येतो, हे त्याच्या काही तबकड्यांवरून कबूल करावे लागते.

1958 मध्ये मुद्रित झालेला 'द सर्मन' वीस मिनिटांचा ब्लूज आहे आणि त्यात घाई कुठेच नाही. नावाप्रमाणेच त्यात प्रवचनाचा ढंग आहे, आणि तो वरून चिकटवलेला नाही. नळ्यांचा ऑर्गन न परवडणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये हॅमंड आधीच पोचला होता. रविवारी सकाळी तिथे धर्मोपदेशकाच्या वाक्यांना त्याचे हुंकार मिळत, आणि शनिवारी रात्री जवळच्याच बारमध्ये तेच हुंकार सॅक्सोफोनला मिळत. वादकही पुष्कळदा तेच असत. सी-3 ला पुढून आणि बाजूंनी फळ्या आहेत, बी-3 चारही पायांवर उघडा उभा असतो. आतले यंत्र एकच. चर्चमध्ये वादकाचे पाय झाकलेले बरे, एवढ्यासाठी हा भेद.

बारवाल्यांना हे त्रिकूट आवडायला हिशेबाचे कारणही होते. ऑर्गन, गिटार आणि ड्रम, किंवा गिटारऐवजी टेनर सॅक्सोफोन. बेसवादकाचा मेहनताना वाचला, आणि आवाज मात्र भरलेल्या खोलीला पुरून उरणारा. हार्लेममधला स्मॉल्स पॅरडाइज, न्यूअर्कमधला की क्लब, फिलाडेल्फिया, ॲटलांटिक सिटी: पूर्वेच्या शहरांतल्या कृष्णवर्णीय वस्त्यांत ऑर्गनच्या खोल्यांचे जाळे झाले. ज्या बारमध्ये स्वतःचा हॅमंड नसे तिथे तो न्यावा लागे, आणि बाक-पायपट्ट्यांसह तो दोनशे किलोंच्या आसपास भरतो. काही वादकांनी त्यासाठी जुन्या शववाहिका घेतल्या होत्या. समीक्षकांनी या खोल्यांकडे बराच काळ नाक मुरडून पाहिले. ज्यूकबॉक्ससाठी एकच तुकडा तबकडीच्या दोन बाजूंवर 'भाग 1' आणि 'भाग 2' असा कापून विकला जाई, म्हणजे हे संगीत नाचणाऱ्या-पिणाऱ्यांचे. त्यात गंभीर काय असायचे? हा निवाडा टिकला नाही. ज्या संगीताला श्रोता समोर बसून तत्काळ पसंती-नापसंती कळवतो त्याची शिस्त वेगळी असते, आणि ती जिमी स्मिथच्या 'बॅक ॲट द चिकन शॅक'मध्ये सॅक्सोफोनवादक स्टॅन्ली टरेंटाइनच्या एकेका स्वराच्या वजनात ऐकू येते.

फिलाडेल्फिया आणि तिचा परिसर या वाद्याचे माहेरच ठरले. जिमी मॅकग्रिफ तिथला, रिचर्ड 'ग्रूव्ह' होम्स नदीपलीकडच्या कॅम्डनचा, शर्ली स्कॉट आणि ट्रूडी पिट्स तिथल्याच. शर्ली स्कॉटने एडी 'लॉकजॉ' डेव्हिसबरोबर 1958 च्या 'कुकबुक'मध्ये जे वाजवले त्यात डबल बेस वेगळा आहे, जॉर्ज डूव्हिव्हिएचा. त्यामुळे तिचा डावा हात मोकळा राहतो आणि ऑर्गन गर्दी न करता कोपरे भरतो. स्मिथच्या ताकदीच्या कौतुकात हा नेटका, कमी बोलणारा ढंग मागे पडला, हे अन्यायाचेच. ऑर्गनवादक जॅक मॅकडफच्या संचात कोवळा गिटारवादक जॉर्ज बेन्सन तयार झाला. मग न्यूअर्कचा लॅरी यंग आला. नोव्हेंबर 1965 मध्ये मुद्रित 'युनिटी'त गिटार नाही. वुडी शॉचा ट्रम्पेट, जो हेंडरसनचा सॅक्सोफोन, एल्विन जोन्सचे ड्रम आणि त्यांच्याखाली ऑर्गन. चर्च आणि ब्लूज यांची सावली बाजूला ठेवून हॅमंड आधुनिक जॅझच्या मोकळ्या स्वरमांडणीत शिरतो तो इथे. यंग पुढे टोनी विल्यम्सच्या 'लाइफटाइम'मध्ये जॉन मॅकलॉक्लिनबरोबर वाजवू लागला आणि 1978 मध्ये, चाळिशी गाठण्याआधीच गेला. त्याने उघडलेल्या दारातून फार थोडे लोक आत गेले.

सत्तरीत खिशाला आणि पाठीला हलके सिंथेसायझर आले. बी-3 चे उत्पादन त्या दशकाच्या मध्यावर थांबले. ऑर्गनच्या खोल्या बंद होत गेल्या, आणि चर्चनी मात्र आपली यंत्रे टाकली नाहीत. पुढच्या पिढीसाठी वाद्य जिवंत राहिले ते मुख्यतः तिथे. 1987 मध्ये मायकेल जॅक्सनच्या 'बॅड'मध्ये जिमी स्मिथचा छोटासा सोलो झळकला. पुढच्या वर्षी फिलाडेल्फियाचा जोई डिफ्रान्सेस्को, स्वतः ऑर्गनवादकाचा मुलगा, सतराव्या वर्षी माइल्स डेव्हिसच्या दौऱ्यावर गेला आणि वाद्य पुन्हा मंचावर आले. हिप-हॉपवाल्यांनीही जुन्या तबकड्या उकरल्या: बीस्टी बॉइजच्या 1994 च्या 'रूट डाउन'खाली स्मिथचीच 1972 ची तबकडी वाजते. पदवीशिवाय डॉक्टर आणि कारणाशिवाय पगडी मिरवणारा लॉनी स्मिथ उतारवयात नव्याने लोकप्रिय झाला. तो 2021 मध्ये गेला, डिफ्रान्सेस्को पुढच्याच वर्षी, अवघ्या एक्कावन्नाव्या वर्षी.

या संगीताच्या चाहत्यांच्या रोजच्या गप्पा ऐकल्या तर त्या गॅरेजमधल्या वाटतात. अमुक तबकडीवर बी-3 आहे की सी-3? वेष्टनावर काहीही छापले असले तरी रूडी व्हॅन गेल्डरच्या एंगलवुड क्लिफ्सच्या स्टुडिओत उभा होता तो सी-3, हे सांगायला कोणीतरी हमखास असतो. 'ग्रीन अनियन्स' या तबकडीवरच्या ऑर्गनला बी-3 म्हणणाऱ्या नवख्याची तर धडगत नाही. ते एम-3 नावाचे लहान, घरगुती मॉडेल होते. स्मिथचा जन्म 1925 चा की 1928 चा, यावर एक संध्याकाळ जाते, कारण दोन्ही साले छापलेली आहेत. सगळ्यांत न संपणारा वाद बेसचा: इथे पाय किती आणि डावा हात किती? बार्बरा डेनरलाइनसारखी वादक पायांनी पूर्ण बेस वाजवते, ऱ्होडा स्कॉट तर अनवाणी वाजवते, म्हणून स्मिथच्या स्पर्शाला 'फसवेगिरी' म्हणणारेही भेटतात. त्यांना ऐकणारे कमी, हे ठीकच आहे. वरवर ही मिस्त्रीगिरी दिसते, पण पाय की हात हे ओळखायला स्वराची सुरुवात आणि शेवट वेगवेगळे ऐकावे लागतात, आणि तेवढे ऐकणारा माणूस एरवीही चांगलाच ऐकतो. व्हायोलिनचे रसिक लाकडाविषयी बोलतात तेव्हा कोणी हसत नाही.

आता वाद आहे तो खरे यंत्र आणि संगणकी नक्कल यांचा. 2001 मध्ये स्वीडनच्या नॉर्डने पाठीवर नेता येईल असे वाद्य आणले, पुढच्या वर्षी हॅमंडचे नाव घेतलेल्या सुझुकीने नवा बी-3 काढला, आणि तेव्हापासून नकला सुधारतच आहेत. डोळे मिटून ऐकणाऱ्याला फरक सांगणे दिवसेंदिवस अवघड होत आहे. शिकागोच्या चॅपलमधल्या परीक्षेसारखेच, फक्त आता नकलेच्या जागी बसलेला हॅमंड खऱ्याच्या जागी आहे. या वाद्यांत 'टक्' किती हवा याची स्वतंत्र सोय असते, झिरपणाऱ्या स्वरांचीही असते. जुन्या बी-3 मध्ये पर्कशनच्या मंडळाला जोडाची जागा कमी पडली, म्हणून त्याने नवव्या दांडीची तार उसनी घेतली, आणि पर्कशन चालू केले की ती दांडी मुकी होई. संगणकाला तारेची टंचाई नाही. तरीही बहुतेक नकलांत पर्कशन लावले की नववी दांडी आजही गप्प बसते.